माझ्या नावावरचे चौदा तास

या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, तेव्हा त्यांनी पहिल्याच वाक्यात दिवाळी आणि दिवाळखोरी यांची सांगड घातली आणि स्वतःच हसले. हा विनोद मी या व्यवसायात आल्यापासून ऐकतो आहे. बँकवाल्यांकडून ऐकला, वकिलांकडून ऐकला, एकदा तर वैकुंठ स्मशानभूमीत एका अंत्यविधीला ऐकला. लेख देतो, पण तो विनोद कुठेही छापायचा नाही, एवढी एकच अट मी घातली. त्यांनी ती मान्य केली, पण जरा नाराजीनेच.

तर, मी दिवाळखोरी व्यावसायिक होतो. एवढं ऐकून लोक माझ्याकडे सहानुभूतीने बघतात, म्हणून खुलासा करतो. दिवाळखोरी दुसऱ्याची, व्यवसाय माझा. एखादी कंपनी कर्ज फेडेनाशी झाली की न्यायाधिकरण तिच्या संचालकांना बाजूला बसवतं आणि कारखान्याच्या किल्ल्या एका परक्या माणसाच्या हातात देतं. तो परका माणूस म्हणजे मी. काही महिने कारखाना चालता ठेवायचा, कर्ज देणाऱ्या बँकांच्या समितीपुढे दर थोड्या दिवसांनी उभं राहायचं आणि दरम्यान कंपनी विकत घेणारा कोणी मिळतो का ते बघायचं. मिळाला तर कंपनी जगते. नाही मिळाला तर भंगारवाले येतात, आणि ते फार वक्तशीर असतात. या सगळ्या काळात मालक म्हणतो हा बँकेचा माणूस, बँक म्हणते हा मालकाला सामील, आणि कामगार म्हणतात याला दोघांनी मिळून पाठवलाय.

या कामातलं खरं ज्ञान कुठे छापलेलं नसतं. उदाहरणार्थ, पहिल्या दिवशी मालकाच्या खुर्चीत बसायचं नाही. भोसरीच्या एका कारखान्यात मी बसलो. जुने मालक रोज सकाळी दहाला यायचे, समोरच्या खुर्चीत बसायचे आणि पाच वाजेपर्यंत माझ्याकडे बघत राहायचे. बोलायचे काही नाहीत. सातव्या दिवशी मी माझं टेबल स्टोअररूममध्ये हलवलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. ‘‘तिथे पंखा नाही,’’ म्हणाले.

हे कोणत्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. प्रशिक्षणं मात्र भरपूर असतात. नियम असा, की प्रत्येक व्यावसायिकाने वर्षाकाठी ठरावीक तास शिकत राहायचं. तास भरले नाहीत तर काम घेण्याच्या परवानगीचं नूतनीकरण होत नाही. नियम चांगला आहे. कायदा सारखा बदलतो, आणि जुन्या माहितीवर कंपनी चालवणारा माणूस जुन्या औषधांवर डॉक्टरकी करणाऱ्याइतकाच घातक असतो. अडचण एवढीच, की माणूस किती शिकला हे मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही, म्हणून तो किती वेळ बसला हे मोजतात.

सुरुवातीला ही शिबिरं हॉटेलांत व्हायची. सकाळी सही, मग दीपप्रज्वलन, मग प्रमुख पाहुण्यांचा परिचय. परिचय इतका लांबायचा की पाहुण्यांना बोलायला वीस मिनिटं उरायची, आणि त्यांची तयारी साधारण तेवढीच असायची. जेवणानंतर दुसरी सही. दोन सह्यांच्या मध्ये आमचे कित्येक ज्ञानपिपासू लक्ष्मी रोडला साड्या बघून येत. शेवटी आभार. आभारांत हॉलमधल्या पडद्यासकट सगळ्यांचे आभार मानले जात, आणि तो वेळही शिक्षणात धरला जाई.

पुढे सगळं फोनवर आलं. घरी बसून वेबिनार. इथे सहीऐवजी दर वीस मिनिटांनी पडद्यावर एक चौकोन उगवतो आणि विचारतो, आपण उपस्थित आहात का? मिनिटभरात बोट टेकवलं नाही तर तुम्ही अनुपस्थित. शेवटी दहा प्रश्नांची परीक्षा. पास झालात की प्रमाणपत्र. माझी बायको सुधा एकदा मागे उभी राहून बराच वेळ बघत होती. ‘‘अहो, हे तुम्हाला नक्की काय शिकवतात,’’ तिने विचारलं, ‘‘बुडायला, की बुडवायला?’’ मी म्हटलं, बुडणाऱ्याला वाचवायला. ‘‘मग तुम्ही जागे आहात का, एवढंच का विचारतात सारखं?’’

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती अशाच एका वर्षातली आहे.

त्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या हाती पुण्याबाहेर मांजरी गावाजवळची एक प्रयोगशाळा आली. कंपनीचं नाव सांगत नाही, नव्या मालकांनी पाटीही बदलली आहे. तिथे ऊस आणि केळीची टिश्यू कल्चरची रोपं तयार व्हायची. सोप्या भाषेत सांगायचं, तर काचेच्या बाटलीत तळाला जेलीसारखं खाद्य असतं आणि त्यात नखाएवढं रोप वाढतं. अशा हजारो बाटल्या मांडण्यांवर, पांढऱ्या दिव्यांखाली, गार खोलीत. दर तीन-चार आठवड्यांनी प्रत्येक रोप उचलून ताज्या खाद्यात लावावं लागतं. नाही लावलं तर ते पिवळं पडतं आणि मरतं. लोखंडाचा कारखाना सहा महिने बंद ठेवला तर गंजतो, एवढंच. इथे एका महिन्यात कंपनीकडे विकण्यासारखं काही राहिलं नसतं, आणि तिथे काम करणाऱ्या चाळीसेक बायका घरी गेल्या असत्या.

ते खाद्य शिजवायच्या खोलीच्या, म्हणजे मीडिया रूमच्या, प्रमुख होत्या सुनंदा गायकवाड. सगळे त्यांना सुनंदाबाई म्हणत. मांजरीच्याच. बारावी सायन्स झालं, मग लग्न, मग ही प्रयोगशाळा, आणि तिथे सोळा वर्षं. पहिल्याच दिवशी मी रोपांच्या खोलीकडे निघालो तर त्यांनी दारात अडवलं.

‘‘साहेब, चप्पल, घड्याळ, फोन बाहेर. आतमध्ये बुरशी गेली तर पुरी मांडणी फेकावी लागती.’’

‘‘फोन महत्त्वाचा आहे हो.’’

‘‘बुरशीला काय सांगू? साहेब महत्त्वाचे हायेत म्हणून?’’

फोन त्यांच्या टेबलावर ठेवून मी आत गेलो. तेव्हापासून तो रिवाजच पडला. मी आत असलो की फोन सुनंदाबाईंच्या टेबलावर.

माझ्या तासांचा त्या वर्षी चांगलाच खड्डा पडला होता. डिसेंबर संपायच्या आत चौदा तास भरायचे होते, म्हणजे दोन-दोन तासांचे सात वेबिनार. पहिला वेबिनार मी प्रयोगशाळेत बसून लावला आणि दहाव्या मिनिटाला खोली गार ठेवणारं यंत्र बंद पडलं. फोन टेबलावर चालू ठेवून मी अंगात पांढरा झगा घालून आत धावलो. थोड्या वेळाने काचेपलीकडून सुनंदाबाई हातवारे करायला लागल्या. त्यांनी फोन काचेला लावला. पडद्यावर चौकोन. आपण उपस्थित आहात का?

‘‘दाबा!’’ मी ओरडलो.

त्यांनी दाबलं. त्या दिवशी मी एकूण पाच वेळा उपस्थित होतो आणि पाचही वेळा यंत्राच्या मागे गुडघ्यांवर बसलेलो होतो. शेवटी परीक्षा आली. सुनंदाबाईंनी प्रश्न काचेतून वाचून दाखवले, मी आतून बोटांनी उत्तरं दाखवली. सहा बरोबर आली. पास.

दुसऱ्या वेबिनारला यंत्र ठणठणीत होतं. तरी मी फोन त्यांच्याकडेच ठेवला आणि खरेदीदारांशी बोलायला निघून गेलो. हे मी स्पष्टच लिहितो, कारण आमच्या धंद्यात अशा गोष्टीला स्पष्ट नाव आहे आणि त्याला शिक्षाही आहे. मी स्वतःला समजावलं, की कंपनी वाचवणं महत्त्वाचं की कंपनी कशी वाचवावी यावरचं भाषण? प्रश्न इतका देखणा होता की उत्तर द्यायची गरजच पडली नाही.

सुनंदाबाईंना ते काम जमून गेलं होतं. खाद्याच्या बाटल्या त्या मोठ्या प्रेशर कुकरसारख्या यंत्रात ठेवत. ते यंत्रही साधारण वीस मिनिटं चाले, म्हणून चौकोनाची वेळ त्यांच्या बरोब्बर लक्षात यायची. चौथ्या वेबिनारनंतर मी निकाल बघितला. दहापैकी नऊ.

‘‘उत्तरं कोणी दिली?’’

‘‘मीच की. तुम्ही कुठं होता?’’

‘‘इंग्रजी कळतं तुम्हाला?’’

‘‘साहेब, सोळा वर्षं रसायनांची लेबलं काय मोडीत वाचती का मी? आन् त्या मॅडम हिंदी, मराठी सगळं मिसळून बोलतात. चांगलं सांगतात. नववा प्रश्न चुकला, पण तो प्रश्नच चुकीचा होता.’’

त्यांनी नोंदीच्या वहीचं मागचं पान उघडून दाखवलं. पुढच्या पानांवर खाद्याची मापं, मागच्या पानांवर दिवाळखोरी संहिता. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. मी कौतुकाने हसलो. आपल्याकडे वाढत्या वयाचे साहेब ज्या कौतुकाने हसतात तसं. वही मात्र वाचली नाही.

सहावा वेबिनार व्यावसायिक नीतिमत्तेवर होता. त्यात मला दहापैकी दहा मिळाले. सुनंदाबाईंनी मला बोलावून दाखवलं, त्यांना फार आनंद झाला होता.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मेहेंदळे नावाच्या पुरवठादाराचा निरोप आला. ते अगर द्यायचे, म्हणजे ज्या पावडरने ते खाद्य जेलीसारखं घट्ट होतं ती. जुनी बाकी चुकती केल्याशिवाय पुढचं पोतं मिळणार नाही, असं त्यांनी कळवलं. मी म्हटलं, ठीक आहे, दुसऱ्याकडून घेऊ. सुनंदाबाईंनी मान हलवली. अगर बदललं की रोपं काचेसारखी पारदर्शक होतात, दिसायला छान दिसतात आणि मातीत लावली की मरतात. दोन वर्षांपूर्वी एकदा तसं झालं होतं. नवं अगर जमवून घ्यायला दोन-तीन महिने लागतात. शिल्लक पोतं अकरा दिवस पुरणार होतं.

बँकांची समिती प्रयोगशाळेतच भरली. समितीत सगळ्यांत मोठ्या बँकेचे सबनीस होते, आणि ते जे म्हणतील त्याला बाकीचे माना डोलावत. मी माझा प्रस्ताव मांडला, की मेहेंदळ्यांची जुनी बाकी अपवाद म्हणून देऊन टाकू.

‘‘एकाची जुनी बाकी द्यायची आणि बाकीच्यांनी रांगेत उभं राहायचं?’’ सबनीस म्हणाले. ‘‘कोणत्या कलमाखाली?’’

‘‘परिस्थिती अपवादात्मक आहे.’’

‘‘देवधर, दिवाळखोरीत अपवादात्मक नसतं असं काय असतं? पर्याय सांगा. त्यासाठीच तुम्हाला नेमलंय.’’

पर्याय माझ्याकडे नव्हता. या काळात कंपनीची वीज आणि पाणी तोडता येत नाही, हे मला तोंडपाठ होतं. पण अगर म्हणजे वीज नव्हे. सबनीसांनी फाईल मिटली आणि कंपनी मोडीत काढण्याच्या ठरावावर मतदान घ्यावं का, असं इतरांना विचारलं. आवाज अगदी सौम्य होता. किती दिवस हातात आहेत याची खात्री करून घ्यायला सुनंदाबाईंना आत बोलावलं.

‘‘अकरा,’’ त्या म्हणाल्या. मग जायला वळल्या, थांबल्या, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘साहेब, पण तुम्ही पत्र दिलं तर मेहेंदळ्यांना माल थांबवता येत न्हाई ना?’’

‘‘कसलं पत्र?’’ मी.

‘‘हा माल न्हाई मिळाला तर कंपनी चालूच राहात न्हाई, असं तुम्ही ठरवायचं. तुम्हाला अधिकार हाय. मग जुन्या वसुलीला कोर्टाची स्थगिती असंस्तोवर त्यांना माल बंद करता येत न्हाई. आता जो माल घेऊ त्याचे पैसे तेवढे वेळेवर द्यायचे, जुनं नंतर बघायचं. कायद्यात मागनं घातलंय ते.’’

एका बँकेच्या तरुण अधिकाऱ्याने लॅपटॉपवर शोधलं आणि हळूच म्हणाला, ‘‘सर, करेक्ट आहे.’’

‘‘तुम्हाला हे कुणी सांगितलं?’’ सबनीसांनी विचारलं.

‘‘साहेबांच्या फोनवरच्या मॅडमनी. चौथ्या क्लासला.’’

सबनीसांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. चौथ्या वर्गाचं प्रमाणपत्र माझ्या फाईलमध्ये होतं, दहापैकी नऊ गुणांचं. मला तो विषय येत असल्याचं त्यावर छापलेलं होतं. खरं सांगायला तो क्षण पुरेसा होता. परवाना गेला असता, कदाचित कंपनीही दुसऱ्याच्या हाती गेली असती, पण तो क्षण होता.

‘‘मी वेबिनार लाउडस्पीकरवर लावतो,’’ मी म्हणालो. ‘‘कर्मचाऱ्यांच्याही कानावर चार गोष्टी पडाव्यात, म्हणून.’’

सुनंदाबाईंनी माझ्याकडे बघितलं.

‘‘वा,’’ सबनीस म्हणाले. ‘‘कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण. इतिवृत्तात घ्या हे.’’ आणि ते खरोखरच घेतलं गेलं. निघताना गाडीत बसता बसता त्यांनी काच खाली केली. ‘‘देवधर, लाउडस्पीकर जपून लावा.’’

पत्र त्याच दुपारी गेलं, तिसऱ्या दिवशी पोतं आलं. रोपं जगली. चार महिन्यांनी खरेदीदार मिळाला, कंपनी विकली गेली आणि दिवे चालू राहिले. माझ्या कारकिर्दीत जगलेल्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, त्यांतली ही एक. मला अभिमान वाटला. आजही वाटतो, आणि त्याचा त्रास होतो.

या यशाची बातमी पसरली. मग मलाच वेबिनारचं आमंत्रण आलं. विषय: चालत्या कंपनीसाठी अत्यावश्यक पुरवठा. सुनंदाबाईंच्या वहीच्या मागच्या पानांवरून तयारी करून मी दोन तास बोललो. ‘‘आमच्या पथकाच्या लक्षात आलं,’’ असं मी म्हणालो. पथक हा शब्द सोयीचा आहे, त्यात कोणाचंच नाव येत नाही. व्याख्यात्यालाही तास मिळतात, तेही माझ्या खात्यात जमा झाले. पलीकडे दीडशे जण दर वीस मिनिटांनी उपस्थित होत होते. त्यांची बोटं कोणाकोणाची होती, ते मी विचारलं नाही.

नव्या मालकांनी सगळी माणसं ठेवायचं कबूल केलं होतं. ठेवलीही. फक्त कोणाला कुठे ठेवायचं, ते त्यांच्या मनुष्यबळ विभागाने ठरवलं. त्या विभागाचा एक तरुण माझ्यासमोर तक्ता घेऊन बसला.

‘‘ॲक्चुअली सर, मीडिया रूमच्या इन्चार्जला आपल्या पॉलिसीप्रमाणे बीएस्सी लागतं.’’

‘‘ती खोली त्या सोळा वर्षं सांभाळतायत.’’

‘‘एक्स्पिरियन्सचा कॉलम आहे सर, पण त्याला पॉइंट्स कमी आहेत. डिग्री नसेल तर ट्रेनिंग अवर्स चालतात. लास्ट इयरमध्ये दहा अवर्स सर्टिफाइड ट्रेनिंग असेल तर मी ॲडजस्ट करतो. सब्जेक्ट कुठलाही चालेल.’’

संध्याकाळी सुनंदाबाई माझ्या टेबलापाशी आल्या. मी निरोपाची आवराआवर करत होतो. त्यांनी तो तक्ता पाहिला होता. बराच वेळ बाजूला उभ्या राहिल्या.

‘‘साहेब, ते चौदा तास माझ्या नावावर करता येतील का?’’

त्यांनी ते अगदी साधेपणाने विचारलं. धमकी नव्हती, टोमणा नव्हता. ते तास आपण भरले आहेत, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं, त्यामुळे कागदावर तसं करून घेणं हे त्यांना एखाद्या पत्त्यातली दुरुस्ती करण्याइतकं सोपं वाटत होतं.

मी म्हणालो, ‘‘ते तसं करता येत नाही, सुनंदाबाई.’’

‘‘बरं,’’ त्या म्हणाल्या.

करता येत होतं. त्या सात वर्गांना या बाई बसल्या होत्या, मी नव्हतो, एवढं एका कागदावर लिहून सही केली असती तर त्या तरुणाने तक्त्यात आकडा भरला असता. आणि तो कागद कुठे ना कुठे पोचून माझा परवाना गेला असता. मी त्याऐवजी लेटरहेडवर अनुभवाचा दाखला दिला. मेहनती, नम्र, प्रामाणिक. प्रामाणिक हा शब्द लिहिताना माझा हात थांबला नाही, हे मला आठवतं.

त्यांना बाटल्या धुण्याच्या विभागात टाकलं. पगार तोच, पाण्यात उभं राहून काम. नव्या बीएस्सी मुलीला खाद्याची मापं शिकवायलाही त्यांनाच वर बोलवायचे. पाच-सहा महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली.

या वर्षी मला सत्तर पूर्ण झाली. नियमाप्रमाणे आमची परवानगी या वयाला संपते. मग हा लेख लिहायला घेतला, आणि लिहून झाल्यावर सुधाला वाचून दाखवू लागलो. ती अर्ध्यातच उठली. ‘‘मला काय वाचून दाखवताय? मी होते का तिथे?’’

म्हणून मांजरीला गेलो. सुनंदाबाई आता एका रोपवाटिकेत काम करतात. हिरव्या जाळीच्या शेडमध्ये बाटलीतून काढलेली केळीची रोपं ट्रेमध्ये लावत होत्या. मला बघून हात पुसले, स्टूल दिलं, सुधाची चौकशी केली. मी सगळं सांगितलं. चौदा तासांचं खरं काय ते लिहिलं आहे, सबनीसांसमोर बोललो ते खोटं होतं हे लिहिलं आहे, आणि तुमचं नाव खरं घालू का, असं विचारलं.

त्यांनी एक रोप लावलं, भोवतीची माती अंगठ्याने दाबली.

‘‘आता लिवल्यानं तुमचं काही जाणार हाय का, साहेब?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो. ‘‘आता काही जात नाही.’’

‘‘आन् माझं काही येणार हाय?’’

‘‘नाही.’’

‘‘मग घाला की,’’ त्या म्हणाल्या आणि पुढचा ट्रे ओढला. ‘‘नावच हाय.’’

म्हणून या लेखात त्यांचं नाव खरं आहे. बाकी सगळ्यांची बदललेली आहेत.